'चाहूल': दोन मिनिटे चाळीस सेकंदांचा इतिहास

स्मरणिकेसाठी आपल्या तुकडीचा इतिहास लिहायचे काम माझ्याकडे आले, तेव्हा निकाल, सहली आणि क्रीडास्पर्धांची यादी करायला बसले होते. तेवढ्यात माळ्यावर जुनी व्हिडिओ कॅसेट सापडली आणि यादी बाजूला राहिली. १९९५ च्या दिवाळीच्या सुट्टीत, आपण नववीत असताना, स्नेहसंमेलनासाठी काढलेल्या 'चाहूल' या रहस्यपटाची ती सुरुवात आहे. फक्त सुरुवातच. पुढचा चित्रपट कधी निघालाच नाही. मी इतिहास लिहिते आहे तो या दोन मिनिटे चाळीस सेकंदांचा, कारण त्यातला एक हिशेब तीस वर्षे तसाच राहिला आहे.

तेव्हा नाहूरला स्टेशन नव्हते, हे आजच्या मुलांना सांगावे लागते. भांडुप सोडल्यावर गाडी थेट मुलुंडला थांबायची. आपले स्टेशन झाले २००३ साली. मुलुंडच्या क्लासला जाणारे आपण सगळे रुळांच्या कडेची पाऊलवाट धरायचो. एका बाजूला कारखान्याची भिंत, दुसऱ्या बाजूला रूळ. वाटेवर एकही दिवा नव्हता. डिसेंबरात सहा वाजताच अंधारून यायचे.

रहस्यकथांचे वेड मात्र घरोघरी होते. आपल्या आजोबांच्या पिढीने बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड वाचले. अर्नाळकरांनी अशा हजारावर कथा लिहिल्या. आपण दूरदर्शनवर वाढलो. मुंबई केंद्रावर पोलिसी तपासाची 'एक शून्य शून्य' लागायची, १९९३ मध्ये 'ब्योमकेश बक्शी' आली. 'एक शून्य शून्य' करणारे बी. पी. सिंग पुण्याच्या चित्रपट संस्थेत शिकलेले, आणि त्यांनीच पुढे १९९८ मध्ये 'सीआयडी' सुरू केली, हे मला फार उशिरा कळले.

'चाहूल'चे कथानक एका ओळीचे. क्लासवरून एकटी घरी निघालेली मुलगी, तिच्यामागे चालणारे कॅनव्हासचे बूट, मध्येच धडधडत जाणारी लोकल, आणि लोकल गेल्यावर वाटेवर पडलेली तिची कंपासपेटी. मग फळ्यावर खडूने लिहिलेले नाव. कॅमेरा एकाच्या मामाचा, लग्नाचे शूटिंग करणारा. दोन व्हीसीआर जोडून जोडकाम केले, त्यामुळे प्रत्येक प्रतीगणिक चित्र फिके होत गेले. कंपासपेटीची मुलगी म्हणजे माझ्या बाकावरची शेजारीण. मी पटकथेची वही धरून उभी.

आता परीक्षकाच्या नजरेने पाहिले, तर काय जमले होते? बूट जमले होते. खलनायक व्हायला कोणी तयार नव्हते म्हणून चेहरा दाखवला नाही, आणि तीच सर्वांत चांगली गोष्ट ठरली. बूट प्रेक्षकाला दिसतात, मुलीला दिसत नाहीत. टेबलाखालचा बाँब प्रेक्षकाला आधीच दाखवा, म्हणजे साध्या गप्पासुद्धा त्याला जीव मुठीत धरून ऐकाव्या लागतात, हे हिचकॉकचे म्हणणे आपण न वाचताच अमलात आणले होते. लोकलचा आवाजही खरा, कुठून उसना घेतलेला नव्हता. फसले काय? पहिली चाळीस सेकंदे वर्गातल्या सगळ्यांची नावे. संधिप्रकाशात व्हीएचएसवर नुसते दाणे दिसतात. आणि कॅमेरा धरणाऱ्याला हसू आवरत नव्हते, ते हादऱ्यांतून कळते.

पण मोठी चूक पडद्यावर नाही, वहीत आहे. मराठीच्या सरांनी परवानगी देताना विचारले होते, "हे कोणासाठी करताय?" मी वहीत लिहिले, "प्रेक्षक: सर्व." आज माझ्या कामात कोणी "वापरणारा: सर्व" असे लिहून आणले, तर मी तो कागद परत पाठवते.

चित्रपटाचा धंदा करणाऱ्यांना हा प्रश्न टाळता येत नाही. राजा परांजपे यांचा 'पाठलाग' १९६४ चा. वकिलाची बायको वारलेली, आणि पकडलेली एक बाई म्हणते, मीच ती. दोन वर्षांनी राज खोसला यांनी हीच गोष्ट हिंदीत 'मेरा साया' म्हणून केली, आणि त्यात झुमक्याचे गाणे आले. गूढ तेच, प्रेक्षक वेगळा, म्हणून मांडणी वेगळी. १९७६ साल तर या बाबतीत वाचण्यासारखे आहे. त्या वर्षी 'हा खेळ सावल्यांचा' थिएटरात आला, घरच्या सगळ्यांनी मिळून पाहावा आणि गाणी गुणगुणत परतावे असा. त्याच वर्षी पुण्यात, प्रभातच्या जुन्या स्टुडिओच्या जागेवर १९६० मध्ये सुरू झालेल्या चित्रपट संस्थेत, विधु विनोद चोप्रा या विद्यार्थ्याने 'मर्डर अॅट मंकी हिल' हा रहस्यपट केला. मंकी हिल हे नाव आपल्याच मध्य रेल्वेवर, कर्जतच्या पुढे घाटात सापडते. हा विद्यार्थ्याचा चित्रपट, त्याचे पहिले प्रेक्षक शिक्षक आणि परीक्षक. त्याला प्रायोगिक लघुपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि १९८१ मध्ये त्याच गोष्टीवरून 'सजाए मौत' हा पूर्ण लांबीचा चित्रपट निघाला. त्या गोष्टीला पुढचा भाग मिळाला.

थिएटरातल्या चित्रपटावर निदान प्रमाणपत्र तरी असते. १९८३ पासून 'यू' आणि 'ए' यांच्यामध्ये 'यूए' आले, म्हणजे मुलांनी मोठ्यांच्या सोबतीने पाहावा असा. 'चाहूल'ला कोण प्रमाणपत्र देणार? सोबतीला आलेल्या मोठ्यांवर काय परिणाम होईल, याचा विचार तर प्रमाणपत्रवालेही करत नाहीत.

संमेलनाच्या रात्री चित्रफीत लागली, तेव्हा आपल्या मुलांनी शिट्ट्या वाजवल्या. पाचवीच्या रांगेत एकजण रडायला लागला. आम्ही खूश. मागच्या खुर्च्यांवर आया बसल्या होत्या. तिथे शांतता होती, आणि ती शांतता आम्ही दाद समजलो. बाकी सगळ्यांनी एक गोष्ट पाहिली. त्यांनी ती वाट ओळखली, भिंत ओळखली, आणि चालणारी मुलगी कोणाची तेही त्यांना ठाऊक होते.

पुढच्या आठवड्यात माझ्या शेजारणीचा क्लास बंद झाला. नंतर आणखी दोघींचा. मला सोडायला-आणायला वडील होते, म्हणून माझा चालू राहिला. बीजगणितात ती माझ्यापुढे होती. सगळा वर्ग तिची वही मागायचा. मी अभियांत्रिकीला गेले. तिने घराजवळच्या महाविद्यालयात, सकाळच्या वेळेत जे मिळाले ते घेतले.

इतकी वर्षे मी आयांना दोष देत आले. कॅसेट पुन्हा पाहिल्यावर तसे वाटत नाही. भीती आम्ही निर्माण केली नव्हती, ती वाटेवर होतीच. आम्ही फक्त ती दाखवली. रहस्यपटाच्या सुरुवातीचे काम प्रश्न उभा करण्याचे असते, आणि उत्तर देण्याची जबाबदारी उरलेल्या चित्रपटाची. आम्ही प्रश्न दाखवून दिवे लावले आणि टाळ्या घेतल्या. उरलेला चित्रपट मग ज्याने त्याने आपापल्या घरी पुरा केला. त्या वाटेवर एक दिवा लागावा म्हणून अर्ज करता आला असता, चार मुलींनी मिळून जायचे ठरवता आले असते. कोणालाच ते सुचले नाही, आम्हालाही नाही. मुलीला घरी बसवणे सगळ्यांत सोपे होते.

गेल्या महिन्यात मी तिच्याकडे लॅपटॉप घेऊन गेले. बूट दिसताच ती हसली, "अगं, हे तर दादाचे! दोन नंबर मोठे होते त्याला." मग कंपासपेटीपर्यंत गप्प बसून पाहिले. मी क्लासचा विषय काढला, माफीही मागितली. ती म्हणाली, "पिक्चर चांगला होता गं. आईने पाहायला नको होता, एवढंच." थोड्या वेळाने म्हणाली, "नाही, पाहायलाच हवा होता. पण पुढचा भागही दाखवायला हवा होता तुम्ही."

कॅसेटची आता डिजिटल प्रत केली आहे आणि मेळाव्यात ती दाखवायची आहे. या वेळी प्रेक्षक आधी ठरवला आहे: आपली मुले, विशेषतः नववी-दहावीतल्या मुली. दाखवायला तिने होकार दिला, पण एका अटीवर. लोकल निघून गेली आणि कंपासपेटी दिसली की चित्र तिथेच थांबवायचे, सभागृहातले दिवे लावायचे, आणि पुढे काय झाले ते ती स्वतः उभी राहून सांगणार.