उझीच्या आधीच्या बंदुका : साम्य आणि पुरावा

(बुइटनव्हेल्डर्ट येथील व्याख्यानाचे शब्दांकन)



उझी हे नाव आपल्या घराघरांत ठाऊक आहे. इस्रायलच्या सैन्यात राहिलेल्या आप्तांच्या खांद्यावर आपण ती पाहिली. नेदरलँड्सच्या सैन्यानेही ती वापरली. तिचे जनक उझिएल गाल १९२३ मध्ये जर्मनीतील वायमार येथे जन्मले. नाझी सत्तेवर आल्यावर त्यांनी बालपणीच तो देश सोडला आणि १९३६ मध्ये ते यागूर किबुत्झमध्ये आले. १९४३ मध्ये बेकायदा शस्त्र बाळगल्याबद्दल ब्रिटिशांनी त्यांना सहा वर्षांची शिक्षा ठोठावली. १९४६ मध्ये ते सुटले.

ही रचना त्यांची स्वतःची, की दुसऱ्याची उचललेली, हा वाद जुना आहे. तो समजण्यासाठी बंदुकीच्या पोटात डोकावले पाहिजे. जुन्या सबमशीनगनमध्ये जड बोल्ट नळीच्या मागे असे, म्हणून बंदूक लांब होई. उझीत बोल्टचा पुढचा भाग पोकळ असून तो म्यानासारखा नळीवर सरकतो. त्यामुळे वजन राखूनही लांबी घटते. मॅगझिन मुठीतच बसते, त्यामुळे अंधारातही एक हात दुसऱ्या हाताला शोधून काढतो.

हीच युक्ती दोन आधीच्या बंदुकांत आढळते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये पोलिश अभियंता पोदसेन्द्कोव्स्की याने एमसीईएम-२ नावाचा नमुना घडवला. ब्रिटिश सैन्याने तो स्वीकारला नाही. चेकोस्लोव्हाकियात यारोस्लाव्ह होलेचेक याची ‘२३’ क्रमांकाची बंदूक १९४८ मध्ये आली. त्याच वर्षी त्या देशाने नवजात इस्रायलला शस्त्रे पुरवली. मग गाल यांनी चेक रचनेची नक्कल केली, असे अनुमान सहज निघते.

परंतु त्या मदतीत प्रामुख्याने रायफली, मशीनगन आणि विमाने होती. शिवाय आखूड आणि स्वस्त बंदूक हवी, ही गरज सर्वत्र एकच होती. एकाच गरजेतून दोन ठिकाणी एकच उत्तर निघू शकते. म्हणून साम्य हा नकलेचा पुरावा नव्हे. तसेच ‘जगात पहिली’ हा आपला अभिमानाचा दावाही टिकत नाही.

इस्रायलमध्येही गाल यांना प्रतिस्पर्धी होता : खाईम कारा यांचा के-१२ नमुना. चाचण्यांनंतर १९५१ मध्ये पत्र्याच्या ठोकळेबाज भागांची, स्वस्त उझी निवडली गेली. कारांचे नाव आज क्वचितच कोणी घेतो. गाल यांनीही बंदुकीला आपले नाव देऊ नये, अशी विनंती केली होती. ती मानली गेली नाही. पुढे पश्चिम जर्मनीच्या सैन्याने तीच बंदूक ‘एमपी-२’ म्हणून स्वीकारली.

नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या जहाजाची, सात पुरुष आणि सात स्त्रियांची कथा आपण बेने इस्रायल पिढ्यानपिढ्या सांगत आलो. परंपरा प्रेमाने जपावी आणि पुरावा कुठवर पोहोचतो तेही सांगावे, हे आपल्याला नवे नाही. उझीविषयी मुलांशी बोलताना तोच नियम पाळावा. कल्पना अनेकांची होती. ती साध्या, भरवशाच्या आणि परवडणाऱ्या रूपात सैनिकाच्या हाती देणे, हे गाल यांचे कर्तृत्व आहे. होलेचेक, पोदसेन्द्कोव्स्की आणि कारा यांची नावे घेतल्याने ते तसूभरही कमी होत नाही.