निकेलची भुकटी आणि तुपाचा डबा : अमळनेर ते इंदूर

उत्प्रेरक हा विषय महाविद्यालयीन वर्गात बहुधा एका व्याख्येने सुरू होतो आणि त्या व्याख्येतच संपतो. रासायनिक क्रियेचा वेग वाढवणारा, पण क्रियेअखेर स्वतः शिल्लक राहणारा पदार्थ, एवढे विद्यार्थी पाठ करतो. स्वीडनच्या बर्झेलियसने १८३५ साली या प्रकाराला नाव दिले, हेही क्वचित सांगितले जाते. पण आपल्याकडील सामान्य कुटुंबात धातूचा उत्प्रेरक पहिल्यांदा शिरला तो पाठ्यपुस्तकातून नव्हे. तो आला पिवळ्या डब्यातून, ज्यावर ताडाचे हिरवे झाड होते. त्या डब्याचा इतिहास खानदेशातील अमळनेरशी आणि माळव्यातील इंदूरशी जोडलेला आहे. स्वस्त आणि स्वच्छ रसायननिर्मिती या दोन गोष्टी एकाच वाटेने जातात की नाही, या आजच्या प्रश्नाचे मूळही त्यात सापडते.

फ्रान्समधील तुलूझ येथे पॉल साबात्ये आणि जाँ-बातिस्त सांदरां यांनी १८९७ साली बारीक निकेलवरून एथिलीन आणि हायड्रोजन सोडले, तेव्हा एथेन मिळाला. प्लॅटिनमसारख्या मौल्यवान धातूचे काम निकेलसारखा साधा धातू करू शकतो, ही त्यातील खरी नवलाई होती. साबात्ये यांना १९१२ चे नोबेल पारितोषिक ग्रिन्यार यांच्यासमवेत विभागून मिळाले. सांदरां हे धर्मोपदेशक होते, त्यांचे नाव त्यात आले नाही. साबात्ये यांची पद्धत मात्र वायूंपुरती होती. तेलाची वाफ करू गेल्यास तेल जळते. जर्मनीच्या विल्हेल्म नॉर्मान यांनी तेल द्रवरूपातच ठेवून त्यात निकेलची भुकटी ढवळली, हायड्रोजन सोडला आणि पातळ तेलाचे घट्ट मेद केले. त्यांचे पेटंट १९०२ सालचे. इंग्लंडमध्ये ते १९१३ साली न्यायालयात टिकले नाही, परंतु तोवर वॉरिंग्टनचा कारखाना चालू झालेला होता आणि अमेरिकेत १९११ पासून सरकीच्या तेलाचे घट्ट मेद डब्यातून विकले जात होते.

युरोपात हे मेद साबणासाठी आणि लोण्याच्या पर्यायासाठी गेले. हिंदुस्थानात त्याला तुपाची जागा दिसली. साजूक तूप महाग, दुधाचा पुरवठा अपुरा आणि शेंगदाण्याचे तेल मुबलक, असा तो हिशेब होता. प्रारंभी असे मेद हॉलंडहून येई. पुढे लिव्हर कंपनीने १९३१ साली हिंदुस्थान वनस्पती मॅन्युफॅक्चरिंग कंपनी स्थापन केली आणि १९३७ साली 'डालडा' बाजारात आणला. हे नाव इतके रुजले की कोणत्याही कारखान्याचे वनस्पती तूप घरोघरी 'डालडा'च म्हटले गेले.

कारखान्यातील क्रिया थोडी तपशिलाने पाहणे इष्ट होईल, कारण वर्गात हेच सांगायचे राहून जाते. तेल प्रथम शुद्ध करावे लागते. त्यातील डिंकासारखे फॉस्फेटयुक्त घटक, साबण, ओलावा आणि विशेषतः गंधक निकेलला 'विष' ठरतात. ते पृष्ठभागावर जाऊन बसतात आणि धातू निकामी होतो. मग साधारण १५० ते २०० अंश सेल्सियस तापमानाला, थोड्या दाबाखाली, तेलात निकेल ढवळत हायड्रोजन सोडला जातो. निकेल लागते ते तेलाच्या शेकडा एकाहूनही पुष्कळ कमी. जुन्या पद्धतीत निकेल फॉर्मेट तेलातच तापवून ही भुकटी तयार करीत; पुढे सच्छिद्र मातीवर बसवलेले निकेल वापरात आले. शेवटी तेल गाळून भुकटी वेगळी काढतात व काही वेळा पुन्हा वापरतात. वनस्पतीत निकेलचा अंश दशलक्ष भागांत दीड भागापेक्षा अधिक नसावा, असे भारतीय अन्नमानक आहे. उत्प्रेरक 'शिल्लक राहतो' हे व्याख्येतील वाक्य कारखान्यात गाळणी, कचरा आणि कायदा यांच्या रूपाने पुढे येते, ते असे.

अमळनेर हे तत्त्वज्ञान मंदिरासाठी आणि साने गुरुजींनी शिकवलेल्या प्रताप हायस्कुलासाठी महाराष्ट्राला माहीत असलेले गाव. खानदेशात शेंगदाणा भरपूर आणि गाव रेल्वेमार्गावर. मुंबईचे व्यापारी मोहम्मद हुसेन हाशम प्रेमजी यांनी २९ डिसेंबर १९४५ रोजी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स या कंपनीची नोंदणी केली आणि कारखाना येथे उभारला. 'सनफ्लॉवर' छापाचे वनस्पती तूप हे तिचे मुख्य उत्पादन, आणि त्याच तेलव्यवसायातून निघणारा '७८७' हा कपड्यांचा साबण हे जोडउत्पादन. हाशम प्रेमजी १९६६ साली निवर्तले, तेव्हा स्टॅनफर्डला शिकत असलेले त्यांचे २१ वर्षांचे चिरंजीव अझीम यांना परत येऊन कारभार हाती घ्यावा लागला. १९७७ साली कंपनीचे नाव विप्रो झाले. पुढचा संगणकाचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. त्याच्या मुळाशी निकेलची भुकटी आहे हे सहसा सांगितले जात नाही. अमळनेरच्या ज्या कुटुंबांनी सुरुवातीचे थोडके भाग घेऊन ठेवले, त्यांची पुढे भरभराट झाली. अझीम प्रेमजी यांच्या शिक्षणविषयक संस्थांमागचे धनही याच कंपनीतून आलेले आहे.

वनस्पतीला विरोधही तितकाच जुना आहे. गांधीजी त्याच्या विरुद्ध होते. स्वातंत्र्यानंतर पंडित ठाकूरदास भार्गव यांनी संसदेत त्याच्या उत्पादनावर बंदी घालणारे विधेयक आणले. ते मंजूर झाले नाही. दोन तक्रारी एकमेकींत मिसळलेल्या होत्या. एक भेसळीची : तुपात वनस्पती मिसळले तर गिऱ्हाइकाला कळणार कसे? दुसरी प्रकृतीची. पहिल्या तक्रारीवर सुचवलेला उपाय रंगाचा होता, पण तेलातून काढता न येणारा आणि निरुपद्रवी असा रंग हाती लागला नाही. अखेर वेगळीच युक्ती कामी आली. वनस्पतीत किमान शेकडा ५ तिळाचे तेल मिसळण्याची सक्ती झाली. तिळाच्या तेलाला हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फरफ्युरॉल लावले की गुलाबी ते किरमिजी रंग येतो. हीच बोडुआँ चाचणी. फरफ्युरॉल नसेल तर चिमूटभर साखरही चालते, कारण आम्लात साखरेपासून त्याच जातीचा पदार्थ तयार होतो. तुपात थोडे जरी वनस्पती असले तरी परीक्षानळी बोलते. शाळेच्या प्रदर्शनात आजही हा प्रयोग हमखास असतो. भारतीय अन्नरसायनातील सर्वांत कल्पक नियमांत याची गणना करण्यास हरकत नसावी.

दुसऱ्या तक्रारीचा निकाल मात्र घाईने लागला. उंदरांवरील प्रयोगांत वनस्पती शेंगदाण्याच्या तेलापेक्षा विशेष अपायकारक आढळले नाही आणि प्रश्न मिटला असे मानले गेले. वस्तुतः निकेलच्या पृष्ठभागावर जे घडत होते त्याकडे लक्ष गेले नव्हते. तेलाच्या रेणूतील दुहेरी बंध निकेलवर टेकतो आणि एक हायड्रोजन घेतो. दुसरा मिळण्यापूर्वीच रेणू सुटला तर तो घेतलेला हायड्रोजन परत देतो. पण मधल्या काळात रेणू वळलेला असतो. वाकडा असलेला 'सिस' बंध सरळ 'ट्रान्स' होऊन बाहेर पडतो. ओलेइक आम्ल साधारण १३ अंशांना वितळते; त्याचे ट्रान्स रूप, एलाइडिक आम्ल, सुमारे ४५ अंशांना; पूर्ण हायड्रोजनित स्टिअरिक ७० अंशांच्या आसपास. म्हणजे ट्रान्स बंधामुळे, कमी हायड्रोजन खर्चून, हवा तसा तुपासारखा घट्टपणा मिळत होता. कारखानदाराच्या दृष्टीने तो दोष नव्हता, सोय होती. गंधकाने अर्धवट निकामी झालेले निकेल तर ट्रान्सचे प्रमाण वाढवते, आणि जगात काही ठिकाणी ते मुद्दाम वापरले गेले. स्वस्ताईचा तो भाग गिऱ्हाइकाच्या रक्तवाहिन्यांच्या खाती पडत होता. हॉलंडच्या मेन्सिंक आणि कातान यांनी १९९० साली दाखवले की ट्रान्स मेद रक्तातील घातक कोलेस्टेरॉल वाढवते आणि हितकारक कमी करते.

येथे इंदूरचा संबंध येतो. होळकरांचे हे शहर कापसाच्या गिरण्यांचे होते. माळव्याच्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात पाणी साचते, म्हणून पुष्कळ शेते खरिपात पडीक ठेवून रब्बीला गहू-हरभरा घेत. या रिकाम्या हंगामात सोयाबीन बसले. १९७० च्या सुमारास देशात हे पीक जेमतेम ३० हजार हेक्टरांवर होते; आज ते एक कोटी हेक्टरांहून अधिक आहे आणि त्याचे हृदय माळवा आहे. सोयाबीन प्रक्रियादारांची संघटना १९७९ साली इंदुरातच स्थापन झाली, १९८७ साली सोयाबीनचे राष्ट्रीय संशोधन केंद्र येथे आले, आणि १९८६ सालची रुची सोया ही इंदूरची कंपनी खाद्यतेलातील देशातील मोठ्या कंपन्यांत गणली गेली. 'रुची नंबर वन' हे तिचे वनस्पती. दिवाळखोरीच्या कारवाईनंतर २०१९ साली ती पतंजलीकडे गेली.

सोयाबीनने निकेलपुढे नवे कोडे टाकले. शेंगदाण्याच्या तेलात लिनोलेनिक आम्ल जवळजवळ नसते. सोया तेलात ते शेकडा सात-आठ असते आणि हवेने लवकर खवट होते. तळणीसाठी तेवढेच काढून बाकी तेल जसेच्या तसे ठेवता आले तर उत्तम. निकेलला ही निवड नीट जमत नाही. लिनोलेनिकवर ते लिनोलेइकपेक्षा सुमारे दुप्पटच वेगाने चालते. तांबे आठ-दहा पट वेगाने चालते. अमेरिकेतील पिओरिया येथील शासकीय प्रयोगशाळेत १९६० नंतर तांब्याच्या उत्प्रेरकांवर बरेच काम झाले. परंतु तांब्याचा अत्यल्प अंश तेलात राहिला तरी तेच तेल खराब करतो. निवडक्षमता होती, गाळणीने घात केला, आणि निकेलची गादी कायम राहिली.

ती हलली कायद्याने. डेन्मार्कने २००३ साली ट्रान्स मेदावर शेकडा २ ची मर्यादा घातली. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने २००९ साली बाजारातील वनस्पतींची तपासणी केली, तेव्हा प्रमाण त्या मर्यादेच्या कित्येक पट निघाले. भारतात ही मर्यादा २०२१ साली शेकडा ३ आणि १ जानेवारी २०२२ पासून शेकडा २ झाली. मधल्या तीन दशकांत ज्यांनी स्वस्त म्हणून तेच तूप खाल्ले, ते बहुतांशी गरीब होते. साजूक तूप परवडणाऱ्याला हा प्रश्न पडलाच नव्हता.

निकेल यातून हद्दपार झाले असे मात्र नाही. पूर्ण हायड्रोजनित मेदात दुहेरी बंधच उरत नाही, म्हणून ट्रान्सही नसते. असे कठीण मेद पातळ तेलात मिसळून, सोडियम मेथॉक्साइड किंवा लायपेज विकराच्या साहाय्याने त्यातील आम्लांची अदलाबदल करतात. काम तेच, पण दोन उत्प्रेरकांत वाटलेले. वापरलेल्या निकेलचा प्रश्न उरतोच. भारतीय नियमांत निकेलयुक्त वापरलेला उत्प्रेरक घातक कचऱ्यात मोडतो, आणि त्यातून धातू परत मिळवणे हा स्वतंत्र उद्योग आहे. देशाला लागणारे निकेल प्रामुख्याने बाहेरून येते, हे लक्षात घेता तो उद्योग दुय्यम समजू नये.

इंदूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे २००९ साली सुरू झालेल्या आणि आता सिमरोल येथे असलेल्या आयआयटीत, प्रा. संजय कुमार सिंह यांच्या गटाने रुथेनियमच्या उत्प्रेरकांवर काम केले आहे. फॉर्मिक आम्ल व मिथेनॉलसारख्या द्रवांतून सौम्य तापमानाला हायड्रोजन मिळवणे हा त्याचा एक भाग. वनस्पतीच्या कारखान्याला हायड्रोजन पाण्याच्या विद्युत्‌विघटनातून किंवा आज बहुधा नैसर्गिक वायूतून मिळतो, हे आठवले की या कामाचे महत्त्व कळते. रुथेनियम निकेलपेक्षा कितीतरी महाग आणि दुर्मिळ आहे. पण उत्प्रेरकाची किंमत ग्रॅमावर ठरत नाही. एक अणू निकामी होण्यापूर्वी किती रेणू घडवतो आणि किती वेळा परत मिळतो यावर ठरते. त्या कसोटीला तो कारखान्यात उतरेल की नाही, हे प्रयोगशाळेतील उतारा सांगत नाही. तांब्याचा अनुभव जवळचा आहे.

याच गटाच्या कामाचा दुसरा भाग पाण्यातच, फॉर्मिक आम्लाच्या सोबतीने, फरफ्युरॉल आणि त्याच्या जातीच्या पदार्थांपासून लेव्ह्युलिनिक आम्लासारखी उपयुक्त संयुगे बनवण्याचा आहे. फरफ्युरॉल मिळते मक्याच्या बुरकुंड्यांतून आणि उसाच्या चिपाडातून. वनस्पतीची भेसळ पकडण्यासाठी अन्ननिरीक्षक परीक्षानळीत टाकीत असत, ते हेच.