फेरफार आधी, सातबारा नंतर: नव्या डेटाबेस प्रशासकांसाठी प्रस्तावना

भंडारा जिल्ह्यात धानाची मळणी आटोपली की आधारभूत खरेदीच्या नोंदणीसाठी सातबारा लागतो. पीककर्जाला तो लागतो, वारसनोंदीलाही लागतो. अशा दिवसांत शेतकरी गावाहून केंद्रावर येतो आणि "सर्व्हर डाऊन आहे, उद्या या" एवढे ऐकून परत जातो. त्याची एक मजुरी बुडते. त्या सर्व्हरची जबाबदारी कुणाच्या तरी शिरावर असते. त्या माणसाला डेटाबेस प्रशासक म्हणतात आणि हे काम शिकू पाहणाऱ्यांसाठी ही प्रस्तावना लिहिली आहे. नागपूर–भंडारा महामार्गावरच्या शहापुरात अभियांत्रिकी शिकायला आसपासच्या गावांतून मुलेमुली येतात. त्यांतल्या अनेकांच्या घरी शेती आहे. नोंद हरवली की काय होते, हे त्यांना वेगळे सांगावे लागत नाही. या क्षेत्रात त्यांचे मनापासून स्वागत.

संबंधाधिष्ठित डेटाबेसची बैठक 1970 साली घातली गेली. आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेतले गणितज्ञ एडगर कॉड यांनी त्या वर्षी एक निबंध प्रसिद्ध केला. माहिती साध्या तक्त्यांत मांडावी, तक्त्यांचा एकमेकांशी संबंध त्यांतल्या मूल्यांवरूनच लागावा आणि माहिती डिस्कवर कुठे, कशी ठेवली आहे याची काळजी वापरणाऱ्याला करावी लागू नये, असे त्यांचे म्हणणे होते. याचा व्यवहारात काय फायदा, ते आपल्याच जिल्ह्यावरून पाहू. 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. तिरोडा, आमगाव, देवरी हे तालुके तिकडे गेले. प्रत्येक खातेदाराच्या ओळीत जिल्ह्याचे नाव लिहिलेले असेल, तर असा बदल करताना लाखो ओळी खोडाव्या लागतात आणि काही चुकून तशाच राहतात. जिल्हा फक्त तालुक्यांच्या तक्त्यात नोंदवलेला असेल, तर मोजक्या ओळी बदलल्या की काम झाले. एक गोष्ट एकाच जागी लिहावी, हा या शास्त्राचा पहिला धडा.

दुसरा धडा प्रशासकासाठी अधिक मोलाचा आहे आणि तो महसूल खात्याने कागदावरच गिरवलेला आहे. जमिनीची खरेदी झाली की तलाठी थेट सातबाऱ्यावर नाव बदलत नाही. आधी गाव नमुना 6 मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, नोंद पडते. संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी 15 दिवसांची मुदत असते. मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केली, की मगच सातबाऱ्यावर विकणाऱ्याचे नाव कमी होते आणि घेणाऱ्याचे चढते. सातबाऱ्यावरच्या नावाबद्दल वाद उभा राहिला, तर जुने फेरफार काढून एकेक पायरी मागे जाता येते.

डेटाबेस सर्व्हरही असेच वागतो. एखादा बदल आला की त्याची नोंद आधी एका लॉगमध्ये होते. ती नोंद डिस्कवर पक्की उतरल्याशिवाय सर्व्हर "व्यवहार पूर्ण झाला" असे कळवत नाही. मूळ तक्त्याची पाने मागाहून सवडीने लिहिली जातात. विकणाऱ्याचे नाव कमी झाले, घेणाऱ्याचे अजून चढायचे आहे आणि नेमकी त्या क्षणी लाइन गेली, असे समजा. सर्व्हर पुन्हा सुरू होतो, लॉग वाचतो, पूर्ण झालेले व्यवहार तक्त्यात उतरवतो आणि अर्धवट राहिलेला व्यवहार ग्राह्य धरत नाही. त्यामुळे जमीन एकाच वेळी दोघांच्या नावावर लागत नाही आणि बेवारसही राहत नाही. व्यवहाराच्या या संकल्पनेला जिम ग्रे यांनी शास्त्रीय रूप दिले. पुढे आयबीएममध्येच काम करणारे भारतीय वंशाचे संशोधक सी. मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1992 साली 'एरीज' ही पद्धत मांडली. लॉगवरून डेटाबेस सावरण्याचा विचार आजही तिच्या आधाराने शिकवला जातो.

म्हणून नव्या प्रशासकाचे शिक्षण लॉगपासून आणि पुनर्स्थापनेपासून सुरू व्हावे, असे माझे ठाम मत आहे. आपल्याकडचा क्रम उलटा असतो. आधी सर्व्हर बसवायला शिकवतात, मग वापरकर्ते तयार करायला, मग वेग वाढवायला. बॅकअपचा धडा शेवटी येतो आणि वेळ संपल्याने वाचनासाठी सोडला जातो. याची किंमत काय असते, हे गिटलॅब या कंपनीने स्वतःच जगाला मोकळेपणाने सांगितले. 31 जानेवारी 2017 रोजी त्यांच्या एका अभियंत्याने दुय्यम सर्व्हरवरची माहिती काढून टाकण्याची आज्ञा चुकून मुख्य सर्व्हरवर दिली. चूक क्षणात लक्षात आली, पण तोवर सुमारे 300 जीबीपैकी साडेचार जीबी उरले होते. रोजचा बॅकअप शोधला, तर तो तयारच होत नव्हता. बॅकअप घेणाऱ्या साधनाची आवृत्ती डेटाबेसच्या आवृत्तीशी जुळत नव्हती. बिघाडाची सूचना देणारे ईमेलही पोहोचत नव्हते. शेवटी योगायोगाने सहा तासांपूर्वी घेतलेली एक प्रत कामी आली आणि त्या सहा तासांतले काम मात्र गेले.

पुन्हा उभा करून पाहिलेला नाही, तो बॅकअप धरू नये. हे वाक्य पाठ करून उपयोग नाही, हाताने करून पाहावे लागते. साध्या लॅपटॉपवर पोस्टग्रेस बसवा, ते मोफत आहे. एका काल्पनिक गावाचे खातेदार आणि गटक्रमांक यांचे तक्ते करा. संपूर्ण डेटाबेसची मूळ प्रत काढा आणि लॉगच्या फायली दुसऱ्या जागी साठत राहतील अशी व्यवस्था करा. मग सकाळभर नोंदी घाला. बरोबर 11 वाजता खातेदारांचा तक्ता जाणूनबुजून उडवा. आता मूळ प्रत वेगळ्या जागी उतरवा, सर्व्हरला 10 वाजून 59 मिनिटांपर्यंतचाच लॉग चालवायला सांगा आणि तक्ता परत आला का ते मोजून पाहा. किती ओळी होत्या, किती आल्या, किती वेळ लागला, हे वहीत लिहा. किती मिनिटांची माहिती गमावणे परवडेल आणि किती वेळात सेवा पुन्हा सुरू झाली पाहिजे, हे दोन प्रश्न प्रत्येक कार्यालयाला विचारायचे असतात. त्यांची उत्तरे या वहीतूनच देता येतात.

इंडेक्स, लॉक, क्वेरीचा आराखडा, दुय्यम सर्व्हर, जुन्या ओळींची सफाई हे विषय त्यानंतर घ्यावेत. ते आवश्यक आहेतच, पण मंद सर्व्हरला वेग देता येतो, गेलेल्या नोंदीला प्रत नसेल तर काहीच करता येत नाही. अधिकारांचा विषय मात्र पुढे ढकलू नये. ज्याला फक्त वाचायचे आहे त्याला लिहिण्याचा अधिकार देऊ नये, एकच पासवर्ड दहा जणांनी वापरू नये आणि कोणी काय बदलले याची नोंद प्रशासकालाही पुसता येऊ नये.

सर्व्हर एका गोष्टीची हमी देऊ शकत नाही, ती म्हणजे लिहिलेले खरे आहे याची. राज्यातले सुमारे अडीच कोटी सातबारे संगणकावर घेताना हस्तलिखित आणि संगणकीय नोंदींत तफावती राहिल्या. त्या पकडण्यासाठी 2017 मध्ये गावोगावी चावडी वाचन झाले, म्हणजे संगणकावरचा सातबारा खातेदारांसमोर मोठ्याने वाचून दाखवला गेला. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा त्यानंतर, 1 मे 2018 पासून मिळू लागला. तक्त्याचे नियम चुकीचा गटक्रमांक अडवतील, पण आडनावातली चूक त्या आडनावाच्या माणसालाच दिसते. चांगला प्रशासक त्या माणसाचे ऐकून घेतो.

या अभ्यासासाठी मोठ्या शहरात जावेच लागते असे नाही. मुंबई आयआयटीचे प्रा. एस. सुदर्शन जगभर वापरल्या जाणाऱ्या डेटाबेसच्या पाठ्यपुस्तकाचे सहलेखक आहेत. 2013 मध्ये त्यांनी देशभरातल्या महाविद्यालयांतील शिक्षकांसाठी याच विषयाची कार्यशाळा दूरस्थ केंद्रांतून घेतली. साहित्य उपलब्ध आहे, साधने मोफत आहेत. गणिताची भीती बाळगू नका. संच आणि तर्क यांची शाळेतली ओळख सुरुवातीला पुरते. इंग्रजी कच्चे असेल तर तांत्रिक शब्द आहेत तसे वापरा आणि विचार मराठीत करा. लागते ती शिस्त: आज्ञा देण्यापूर्वी आपण कोणत्या सर्व्हरवर आहोत हे दोनदा पाहण्याची आणि केलेले प्रत्येक काम लिहून ठेवण्याची.

तुमच्या हातून उद्या बँकेची, रुग्णालयाची, नाहीतर भूमी अभिलेखाची माहिती सांभाळली जाईल. ज्यांची माहिती तुम्ही राखाल, ती माणसे तुम्हाला कधी भेटणार नाहीत, पण त्यांचा हक्क तुमच्या लॉगवर आणि बॅकअपवर टिकून असेल. तेव्हा या अभ्यासाचे पहिले काम आजच करा: एक डेटाबेस उभा करा, त्याची प्रत घ्या, तो मोडा आणि परत उभा करा. ते जमले की पुढचे सारे शिकता येईल.

शहापूर, जि. भंडारा