नौदलाची खोकी आणि काळा गिलिमॉट

ध्रुवप्रदेश आणि हवामानबदल म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते बर्फाच्या तुकड्यावर बसलेलं पांढरं अस्वल. मला मात्र या विषयातली सगळ्यात भारी गोष्ट वाटते ती कबुतराएवढ्या एका पक्ष्याची. आणि ती सुरू होते चक्क भंगारापासून.

अलास्काच्या उत्तर टोकाला उत्कियाग्विक नावाचं गाव आहे (2016 पर्यंत बॅरो म्हणायचे). तिथून पूर्वेला साधारण 40 किमीवर कूपर बेट. बेट कसलं, वाळू-गोट्यांचा लांबट पट्टा! 1950च्या दशकात अमेरिकन नौदलाने तिथे लाकडी खोकी टाकून दिली होती. 1972 साली जॉर्ज डिव्होकी हा तरुण पक्षीअभ्यासक तिथे पोचला, तेव्हा त्या खोक्यांखाली ब्लॅक गिलिमॉटच्या दहा जोड्या संसार थाटून बसल्या होत्या. हा पक्षी कपारीत अंडी घालतो, आणि सपाट बेटावर कपार कुठून येणार? पठ्ठ्याने 1975 पासून खोकी उलटीपालटी करून आणखी घरं तयार केली. मग दर उन्हाळ्यात तंबू ठोकायचा, प्रत्येक अंड्याची तारीख लिहायची. सरकारी पैसा आटला तरी हा जातच राहिला. जवळजवळ पन्नास उन्हाळे!

तेव्हा हवामानबदल वगैरे काही त्याच्या डोक्यात नव्हतं. पण आमच्या धंद्यात जुन्या लॉग फाइल्सचं जे होतं तेच इथे झालं: ठेवल्या एका कारणासाठी, कामाला आल्या दुसऱ्याच.

हिशोब सोपा आहे. बर्फ वितळून घरट्याचं तोंड मोकळं झालं की साधारण दोन आठवड्यांनी अंडी, चार आठवडे उबवणं, पाच आठवडे पिल्लू वाढवणं. म्हणजे सुमारे 80 दिवस बर्फाशिवाय हवेत. पूर्वी तिथला उन्हाळा जेमतेम तेवढाही नसायचा. डिव्होकीने नव्वदच्या दशकात आपल्या वह्या तपासल्या, तर अंडी घालण्याची तारीख वीस वर्षांत सुमारे दहा दिवस अलीकडे सरकली होती. म्हणजे तापमानवाढीने आधी या पक्ष्याचं भलंच केलं होतं! 1989च्या सुमारास दोनशेहून जास्त जोड्या झाल्या होत्या.

आणि मग तोच उन्हाळा उलटला. गिलिमॉट पिल्लांना भरवतो आर्क्टिक कॉड, आणि हा चरबीदार मासा राहतो समुद्रावरच्या बर्फाच्या आसपास. ऑगस्टमध्ये पिल्लं ऐन भुकेली असतात, नेमका तेव्हाच बर्फ किनाऱ्यापासून लांब जाऊ लागला. मग आईबाप जवळपासचे मोठ्या डोक्याचे, काटेरी स्कल्पिन मासे आणू लागले. ते पिल्लांच्या घशाखाली उतरेनात. सप्टेंबर 2012 मध्ये आर्क्टिकचा बर्फ 34 लाख चौ. किमीपर्यंत घटला, उपग्रहांच्या नोंदीतला नीचांक. त्यानंतर काही वर्षांतच कूपर बेटावरच्या जोड्या शंभराच्या खाली गेल्या.

अस्वल राहिलंच की! पायाखालचा बर्फ गेल्यावर अस्वलं बेटावर येऊ लागली. 2002 साली त्यांनी डिव्होकीचा तंबू फाडला, पुढे खोकी उलटवून पिल्लं खाल्ली. कुणाला दोष देणार? तीही उपाशीच. शेवटी 2011 साली त्याने नौदलाची ती लाकडी खोकी काढून मजबूत प्लास्टिकच्या पेट्या ठेवल्या, दार पक्ष्यापुरतंच. अस्वलांचा उपद्रव कमी झाला. माशांचं मात्र पेट्या काय करणार?

बाय द वे, त्या पेट्यांच्या ब्रँडचं नाव आहे नॅनुक. इन्युइट भाषेत नॅनुक म्हणजे पांढरं अस्वल.