फरारबाईंचा आठवडा

स्मरणिकेसाठी लेख दे, असा निरोप ग्रुपवर आला तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं होतं. दहावीनंतर मराठी निबंधाशी माझा संबंध सुटला. पुढे इंजिनीअरिंग, मग पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी. दिवसभर जे लिहिते ते मशीनला कळावं म्हणून. इतिहासात मला किती मार्क पडायचे, ते आपल्या सरांना अजून आठवत असेल. तरीही हा लेख इतिहासाचाच आहे. सर, चुकलं असेल तिथे पूर्वीसारख्या लाल पेनाने खुणा करा.

झालं असं, की दोन वर्षांपूर्वी 3 जानेवारीला माझ्या मुलीला शाळेत सावित्रीबाई फुल्यांवर बोलायचं होतं. मी तिची तयारी घेत होते. मध्येच तिने विचारलं, "आई, सावित्रीबाई पहिल्या शिक्षिका ना? मग शिकवायचं कसं, हे त्यांना कोणी शिकवलं?" मी म्हटलं, जोतीरावांनी. पण ते उत्तर माझं मलाच अर्धवट वाटलं. पुस्तकं काढली. अक्षरओळख जोतीरावांनी करून दिली हे खरंच. पण शिक्षिका होण्यासाठी घेतलेल्या प्रशिक्षणाबद्दल चरित्रकार दोन नावं सांगतात. एक पुण्यातल्या नॉर्मल स्कूलच्या मिचेलबाईंचं आणि दुसरं अहमदनगरच्या मिस फरार यांचं.

अहमदनगर! म्हणजे आपलं नगर; आता कागदोपत्री अहिल्यानगर. ज्या गावात आपण दहा वर्षं दप्तर पाठीला लावून हिंडलो, चांदबिबीचं नाव घेत सहलीला गेलो, नेहरू कुठल्या किल्ल्यात कैदेत होते ते रिकाम्या जागेत भरलं, त्याच गावातल्या या बाईंचं नाव मी चाळिशी उलटल्यावर पहिल्यांदा वाचलं.

सिंथिया फरार 1795 साली अमेरिकेत, न्यू हॅम्पशायरमधल्या मार्लबरो गावी जन्मल्या. पेशाने शिक्षिका. अमेरिकन मिशनरी 1813 सालीच मुंबईत उतरले होते. ईस्ट इंडिया कंपनीला ते इथे नकोच होते. बऱ्याच खटपटीनंतर त्यांना राहू दिलं गेलं. 1824 साली या मिशनने मुंबईत मुलींसाठी शाळा काढली. शाळा वाढू लागल्या तशी अडचण उभी राहिली, की त्यांच्याकडे बघणार कोण? मिशनऱ्यांच्या बायका बघत, पण त्यांना घर, लेकरं, आजारपणं. म्हणून फक्त मुलींच्या शाळांचं काम पाहील अशी एकटी बाई पाठवा, अशी मागणी गेली. जून 1827 मध्ये फरारबाई जहाजात बसल्या आणि डिसेंबरच्या अखेरीस मुंबईला पोचल्या. वय बत्तीस. लग्न न झालेली बाई एकटी परदेशी मिशनवर पाठवायची, ही गोष्ट तेव्हा अमेरिकेतही नवीनच होती. दोन वर्षांत त्यांच्या देखरेखीखालच्या शाळांत चारशेच्या वर मुली झाल्या.

पुढे तब्येत बिघडली. 1837 साली त्या मायदेशी परतल्या. तिथेच राहिल्या असत्या तर कोणी नाव ठेवलं नसतं. पण 1839 मध्ये त्या परत आल्या आणि या वेळी त्यांना पाठवलं गेलं नगरला. तेव्हा त्या चव्वेचाळीस वर्षांच्या होत्या. मी आत्ता आहे साधारण त्याच वयाच्या. नवीन गाव, घाटावरचं ऊन, ओळखीचं कोणी नाही. मला कंपनीत नुसती टीम बदलली तरी दोन महिने झोप लागत नाही.

नगरला अमेरिकन मिशनचं काम 1831 च्या अखेरीस सुरू झालं होतं. सुरुवातीच्या तिघांपैकी विल्यम हर्वे काही महिन्यांतच पटकीने गेले. म्हणजे इथे काय वाट्याला येऊ शकतं, हे फरारबाईंना ठाऊक होतं.

अशा नव्या गावात आलेल्या बाईचा एक आठवडा कसा जात असेल? त्या काळच्या शाळा आणि घरं कशी होती ते आपल्याला माहीत आहे. त्यावरून मी तो मनाशी मांडून पाहिला.

आधी शाळा. शाळा म्हणजे इमारत नव्हे. कोणाची तरी ओसरी, नाहीतर भाड्याची एखादी खोली. शिकवायला पंतोजी, कारण शिकलेली मराठी बाई मिळणार कुठून? मुलींना शिकवायला पुरुष, तोही बऱ्याचदा हिंदूच, आणि देखरेखीला ख्रिस्ती गोरी बाई. धूळपाटीवर अक्षरं गिरवायची, पाढे म्हणायचे आणि मुंबईच्या मिशन छापखान्यातून आलेली पुस्तकं वाचायची. मराठीत छापलेली पुस्तकं तेव्हा होती किती? मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश निघाला तो 1831 साली. शाळा एकीकडे एक, दुसरीकडे दुसरी. म्हणजे आज या वस्तीत, उद्या त्या वस्तीत जायचं, मुलींचं वाचन ऐकायचं, पंतोजीचं हजेरीपत्रक बघायचं आणि पटावरच्या मुली खरोखर समोर आहेत का ते मोजायचं.

इथवर ठीक. पण समोर मुली नसत. म्हणून आठवड्याचा दुसरा आणि मला वाटतं मोठा भाग दुपारच्या भेटींचा असणार. काल आलेली पोर आज का नाही आली? धाकट्या भावाला सांभाळतेय. सासरहून बोलावणं आलंय. आठव्या-नवव्या वर्षी लग्न झालेलं असायचं, त्यामुळे सासरची मर्जी फिरली की शाळा संपली. शिकलेल्या बाईला वैधव्य येतं, अशी समजूत तर घरोघरी होती. आणि एक भीती खरीही होती: मिशनच्या शाळा धर्मप्रसारासाठीच होत्या, हे मिशनरी लपवत नव्हते. गावात कोणी बाप्तिस्मा घेतला, की दुसऱ्या दिवशी शाळा ओस पडे. मग पुन्हा दारोदार जायचं. अंगणात उभं राहायचं, कारण घरात घेतीलच असं नाही. परक्या वळणाचं मराठी बोलायचं. पाणी मागितलं तर मिळेल की नाही, याचाही भरवसा नसायचा.

रविवारी उपासना. सोमवारी पुन्हा पहिल्या ओसरीपासून.

हा आठवडा मी यासाठी लिहून काढला, की यातला शिकवण्याचा भाग आपल्याला दिसतो. इतिहासात तोच राहतो. 'अमुक साली शाळा काढली.' पण मुलींची शाळा एकदा काढून झाली असं होतच नाही, ती दर आठवड्याला नव्याने काढावी लागते. फळा ओसरीवर असला तरी शाळा सुरू होते पोरीच्या घराच्या उंबरठ्यावर. तिथे कोणी गेलं नाही, तर ओसरीवर पंतोजी एकटाच बसून राहतो.

फरारबाईंचं धर्माचं काम किती साधलं, हा माझा विषय नाही. त्यांच्या ओसरीवरून गोष्टी कुठवर गेल्या, ते मात्र सांगते. तरुण जोतीरावांनी नगरला येऊन त्यांची मुलींची शाळा पाहिली. आपल्या देशबांधवांत स्त्रिया मागे आहेत, तर त्यांच्यासाठी अशीच शाळा काढावी, ही कल्पना तिथूनच बळावली, असं जोतीरावांनीच पुढे सांगितलं. सप्टेंबर 1853 च्या 'ज्ञानोदया'त ते छापून आलं आहे. आईमुळे मुलात जी सुधारणा होते ती फार मोलाची, हेही त्यांनी तिथे सांगितलं. 1848 साली पुण्यात भिडेवाड्यात शाळा निघाली. पुढचं आपल्याला पाठ आहे: अंगावर शेण झेलत शाळेत जाणाऱ्या सावित्रीबाई.

ते 'ज्ञानोदय'ही नगरचंच बरं का. 1842 साली मिशनने ते इथे सुरू केलं. 1855 साली त्याच 'ज्ञानोदया'त मुक्ता साळवे या फुल्यांच्या शाळेतल्या चौदा वर्षांच्या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. नगरची शाळा पाहून पुण्याला शाळा निघाली आणि पुण्याच्या शाळेतल्या मुलीचं लिखाण नगरला जन्मलेल्या मासिकात छापून आलं. फरारबाई तेव्हा हयात होत्या. 1862 साली नगरमध्येच त्या वारल्या. पस्तीस वर्षांतली मधली दोनेक सोडली तर सगळी या मुलखात गेली.

फरार आणि फुले यांची जात एक नाही, धर्म एक नाही, हेतूही एक नाही. जोतीरावांनी ओसरी पाहिली, रीत घेतली आणि स्वतःच्या विचाराने शाळा काढली. आमच्या धंद्यात याला चांगली कामगिरी म्हणतात: दुसऱ्याचं चाललेलं काम नीट बघायचं, त्यातलं उपयोगी ते उचलायचं आणि कुठून उचललं ते मोकळेपणी सांगायचं. तिसरी गोष्ट आमच्याकडेही फार थोडे करतात.

आता आपल्याकडे येते.

आठवीची परीक्षा झाली तेव्हा माझे वडील म्हणाले, पुरे. आम्ही तीन बहिणी, घर केडगावच्या पुढे, सायकल एक आणि ती भावाची. हे मी तेव्हा कोणाला सांगितलं नव्हतं. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना आज कळत असेल. जूनमध्ये शाळा उघडली आणि चार दिवस मी गेले नाही. पाचव्या दिवशी संध्याकाळी आपल्या गणिताच्या बाई घरी आल्या. बसस्टॉपपासून चालत, पावसात. वडील पडवीत होते, उठले नाहीत. बाई पडवीच्या कडेवर बसल्या. शाळेचं अक्षरही काढलं नाही. पाऊस, कांदा, भाव असंच बोलल्या. चहा घेतला आणि निघताना म्हणाल्या, "भाऊ, हिची गणिताची वही माझ्याकडे राहिलीय. सोमवारी न्यायला पाठवा."

माझी वही त्यांच्याकडे नव्हतीच. सोमवारी मी वही आणायला गेले आणि दहावीपर्यंत जात राहिले. नंतर आईकडून कळलं, की बाई त्या महिन्यात आणखी दोनदा येऊन गेल्या, मी शाळेत असताना. बाई, तुम्ही हे वाचाल तेव्हा 'त्यात काय एवढं' म्हणाल. म्हणून छापून ठेवतेय.

आणि आपल्या वर्गातली आणखी एक. खिडकीजवळ तिसऱ्या बाकावर बसायची. अक्षर माझ्यापेक्षा सुरेख, गणित माझ्याइतकंच बरं. नववीच्या दिवाळीनंतर ती आली नाही. लग्न ठरलं म्हणे. दोन दिवस आपण कुजबुजलो, तिसऱ्या दिवशी तिच्या जागेवर दुसरं कोणी बसलं. तिच्या घरी कोणी गेलं होतं का? बाई त्या सत्रात बाळंतपणाच्या रजेवर होत्या, एवढं मला पक्कं आठवतं. मीही गेले नाही. तिचं घर मला माहीत होतं. आपल्या ग्रुपवर एकसष्ट जण आहेत, ती नाही. तिच्यात आणि माझ्यात फरक हुशारीचा नव्हता. माझ्या पडवीत पावसाळ्यात तीन संध्याकाळी कोणीतरी येऊन बसलं, एवढाच होता.

मेळाव्यासाठी जमवलेल्या पैशांतून उरलेल्या रकमेचं काय करायचं, यावर ग्रुपवर महिनाभर चर्चा चाललीय. कोणी प्रोजेक्टर म्हणतं, कोणी पाण्याची टाकी, कोणी कमान. टाकीला माझा विरोध नाही. पण मी मुख्याध्यापकांशी फोनवर बोलले. ते म्हणाले, आठवी ते दहावीत मुली गळतात त्या आजही सहसा जूनमध्ये नाहीतर दिवाळीनंतर. शिक्षिका घरी जातात, पण कागदपत्रांची कामं इतकी की सगळ्यांकडे जाणं होत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. उरलेल्या पैशांतून शिक्षिकांच्या या फेऱ्यांचा जाण्यायेण्याचा खर्च भागवू. आणि पैसे देऊन मोकळं व्हायला नको. आपल्यातले तेवीस जण अजून नगरमध्येच राहतात, मी मोजलेत. जून आणि नोव्हेंबरात आठवड्यातली एक संध्याकाळ, प्रत्येकाने एका घरी. भाषण द्यायचं नाही. पाऊसपाणी बोलायचं, चहा घ्यायचा आणि वही राहिलीय म्हणून सांगायचं.

पुण्याहून शनिवारी सकाळी निघाले तर मी दहापर्यंत पोचते. पहिल्या शनिवारी मला केडगावची बाजू द्या.