'अमेरिका घाबरली' म्हणजे नेमकं कोण घाबरलं?

शीतयुद्धावरच्या सिनॉप्सिसमध्ये एक वाक्य हमखास असतं: 'दुसऱ्या महायुद्धानंतर साम्यवादाचा प्रसार झाला आणि त्यामुळे अमेरिकेला भीती वाटू लागली.' वाक्य चूक नाही, परीक्षेत त्यावर गुणही मिळतात. पण पीएच.डी.च्या मुलाखतीत समोरचे प्राध्यापक या वाक्यावर थांबले, तर पुढची पंधरा मिनिटं अवघड जातात. प्रसार कुठे झाला? अमेरिका म्हणजे कोण? आणि 'त्यामुळे' हा शब्द तुम्ही कशाच्या आधारावर लिहिलात? या लेखात मुख्यतः त्या 'त्यामुळे'कडे बघू.

प्रसार खराच होता. पूर्व युरोपात तो लाल सैन्याबरोबर आला, हे तुम्हाला माहीतच आहे. मला फ्रान्स आणि इटली जास्त महत्त्वाचे वाटतात, कारण तिथे लाल सैन्य नव्हतं. नाझी आणि फॅसिस्टांविरुद्धच्या भूमिगत लढ्यात कम्युनिस्ट पुढे होते, त्याची पुण्याई त्यांच्या गाठीशी होती. त्यात कोळसा नाही, धान्य नाही, घरं पडलेली. नोव्हेंबर १९४६च्या निवडणुकीत फ्रान्समध्ये चौघांपैकी एकाहून जास्त मतं कम्युनिस्टांना पडली. इटलीतल्या पक्षाचे सभासद वीस लाखांच्या आसपास होते. मे १९४७पर्यंत दोन्ही देशांच्या मंत्रिमंडळात कम्युनिस्ट मंत्री बसत होते. ग्रीसमध्ये तर यादवी युद्धच चालू होतं.

आता अमेरिकेत या. तिथला कम्युनिस्ट पक्ष ऐन भरात असताना त्याचे सभासद होते साधारण पाऊण लाख ते ऐंशी हजार. १९५०च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या होती पंधरा कोटी. म्हणजे साम्यवाद वाढतोय पॅरिसमध्ये आणि मिलानमध्ये, आणि चौकशी होते वॉशिंग्टनमधल्या कारकुनाची. हे दोन्ही जोडणारा दुवा तुमच्या वाक्यात नाही, तो शोधायला लागतो.

माझी एक सवय सांगते. कार्यकारणाचं वाक्य लिहिण्याआधी मी तारखा एका कागदावर उतरवून काढते. पोरकट वाटेल, पण करून बघा. १२ मार्च १९४७ला राष्ट्राध्यक्ष ट्रुमन काँग्रेससमोर उभे राहून ग्रीस आणि तुर्कस्तानसाठी चाळीस कोटी डॉलर मागतात. नऊच दिवसांनी, २१ मार्चला, ९८३५ क्रमांकाच्या आदेशावर सही करतात. संघराज्य सरकारच्या सगळ्या कर्मचाऱ्यांची 'निष्ठा' तपासायची, असा तो आदेश. त्याच ऑक्टोबरमध्ये हॉलिवूडच्या लेखक-दिग्दर्शकांना संसदीय समितीपुढे उभं केलं जातं.

या वेळेपर्यंत काय काय घडलेलं नाही, ते बघा. सोव्हिएत अणुबॉम्बची चाचणी झालेली नाही, ती ऑगस्ट १९४९ची. चीनमध्ये माओ सत्तेवर आलेले नाहीत, ते ऑक्टोबर १९४९ला. ॲल्जर हिस दोषी ठरले आणि क्लाउस फुक्स पकडले गेले, ते १९५०च्या जानेवारी-फेब्रुवारीत. कोरियाचं युद्ध जून १९५०चं. आणि ज्याच्या नावाने आपण हा सगळा काळ ओळखतो, ते सिनेटर मॅकार्थी व्हीलिंग गावात आपली ती प्रसिद्ध यादी फडकावतात ९ फेब्रुवारी १९५०ला. म्हणजे भीतीची कारणं म्हणून आपण ज्या घटना धडाधड लिहितो, त्यातल्या बहुतेक घटनांच्या आधीच भीतीचं सरकारी यंत्र सुरू झालेलं होतं. मॅकार्थी हे आयत्या बिळावरचे नागोबा. बीळ कोणी खणलं, हा खरा प्रश्न.

त्याचं उत्तर एकाच ठिकाणी मिळत नाही. काही भाग जुना आहे: १९१९-२०मध्ये, पहिल्या महायुद्धानंतर, परदेशी कामगार आणि डाव्यांची धरपकड झाली होती. त्या कामात असलेले तरुण अधिकारी जे. एडगर हूवर १९२४पासून एफबीआयच्या अगोदरच्या खात्याचे आणि मग एफबीआयचे प्रमुख होते, आणि १९४७मध्येही तेच होते. काही भाग निवडणुकीचा: नोव्हेंबर १९४६ला काँग्रेसची दोन्ही सभागृहं रिपब्लिकनांकडे गेली. डेमोक्रॅट लोक कम्युनिस्टांबाबत मवाळ आहेत, हा त्यांचा आरोप. ग्रीससाठी पैसे याच काँग्रेसकडून मंजूर करून घ्यायचे होते, तेव्हा निष्ठातपासणीच्या आदेशाने ट्रुमन यांनी विरोधकांच्या हातातलं हत्यार काढून घ्यायचा प्रयत्न केला, असं बरेच अभ्यासक मानतात. मलाही ते पटतं.

कारखान्यांचा भाग आपल्याकडच्या नोट्समध्ये जवळपास नसतोच, म्हणून त्याच्यावर जरा रेंगाळते. १९४६ साली अमेरिकेत संपांची प्रचंड लाट आली. चाळीस लाखांहून जास्त कामगार संपावर गेले: पोलाद, मोटारी, कोळसा, रेल्वे. मागण्या बहुतेक मजुरीच्या, कारण युद्धकाळातला ओव्हरटाइम गेला होता आणि महागाई चढली होती. जून १९४७मध्ये टाफ्ट-हार्टली कायदा झाला, तोही ट्रुमन यांचा नकाराधिकार ओलांडून. 'मी कम्युनिस्ट नाही' असं प्रतिज्ञापत्र युनियनच्या पदाधिकाऱ्यांनी द्यावं, अशी त्यात अट होती. ते दिलं नाही, तर त्या युनियनला कामगारविषयक राष्ट्रीय मंडळाचा आधार मिळणार नाही. आता सांगा, इथे भीती कोणाची? मालकाला मॉस्कोची भीती होती की संपाची? बहुधा दोन्ही. आणि एका भीतीच्या नावावर दुसरीचा बंदोबस्त करता येत होता.

इतकं वाचून 'म्हणजे सगळं बनावटच होतं' असं म्हणायचा मोह होईल. तो आवरा. सोव्हिएत हेर खरोखर होते. सप्टेंबर १९४५मध्ये कॅनडातल्या सोव्हिएत दूतावासातला इगोर गुझेन्को कागदपत्रं घेऊन बाहेर पडला. नोव्हेंबरमध्ये एलिझाबेथ बेंटली या अमेरिकी बाईने एफबीआयला आपल्या हेरजाळ्याची नावं दिली. मॉस्कोला जाणारे सांकेतिक संदेश उलगडण्याचं 'व्हेनोना' हे काम १९४३पासून गुप्तपणे चालू होतं. १९९५मध्ये ते संदेश खुले झाले, तेव्हा ज्युलियस रोझेनबर्ग हेर होते हे मानणं अनेक डाव्या अभ्यासकांनाही भाग पडलं. त्यांच्या पत्नी एथेल यांच्याविरुद्धचा पुरावा मात्र फार तोकडा आहे, आणि १९ जून १९५३ला दोघांनाही मृत्युदंड दिला गेला.

पण इथेही तारखा बघा. हेरगिरी सर्वांत जोरात होती ती युद्धकाळात, दोन्ही देश एकमेकांचे मित्र असताना. गुझेन्को आणि बेंटली बाहेर पडल्यावर मॉस्कोने आपली बरीच जाळी गुंडाळली. हेरांचा शोध कळसाला पोहोचला, तेव्हा ती जाळी मोडकळीला आलेली होती. 'धोका होता का?' आणि 'उपाय धोक्याच्या मापाचा होता का?' हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि व्हेनोना फक्त पहिल्याचं उत्तर देतं.

दुसऱ्यासाठी नियमांची भाषा वाचावी लागते. १९४७च्या आदेशानुसार कर्मचारी निष्ठावान नाही असं मानायला 'वाजवी कारण' लागत होतं. एप्रिल १९५१मध्ये ते बदलून 'वाजवी शंका' पुरेशी ठरली. दोन शब्दांचा फरक! जॉन सर्व्हिस हे परराष्ट्र खात्यातले चीनचे जाणकार. १९४४मध्ये येनानला जाऊन त्यांनी कळवलं होतं की कम्युनिस्टांना लोकांचा पाठिंबा आहे आणि च्यांग कै-शेक यांची बाजू पोकळ आहे. अंदाज बरोबर निघाला, हाच जणू त्यांचा गुन्हा झाला. आधीच्या चौकशांतून ते सुटले होते, डिसेंबर १९५१मध्ये शंकेवर नोकरी गेली. १९५७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बडतर्फी रद्द केली. मधल्या काळात चीनबद्दल वरिष्ठांना नको असलेलं लिहायची हिंमत किती अधिकाऱ्यांना झाली असेल, याचा आकडा कुठल्याच तक्त्यात मिळणार नाही.

आणि हे प्रकरण आपल्या वाचनयादीपर्यंत येऊन पोहोचलेलं आहे. भारतीय शेतीवर काम करणाऱ्यांना डॅनियल थॉर्नर हे नाव चुकवता येत नाही. ते पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात शिकवत होते. १९५२मध्ये सिनेटच्या मॅकॅरन समितीने त्यांना प्रश्न विचारले, इतरांची नावं सांगायला त्यांनी नकार दिला आणि त्यांची नोकरी गेली. ते आणि ॲलिस थॉर्नर १९६०पर्यंत भारतातच राहिले, मग पॅरिसला गेले. आपली जमीन-व्यवस्था शेतकऱ्याची उत्पादकता कशी दाबून ठेवते, याबद्दलची त्यांची मांडणी याच वर्षांतली. मुंबईहून निघणाऱ्या 'इकॉनॉमिक वीकली'त ते तेव्हा लिहीत होते.

या विषयावर काम करायचं असेल, तर एफबीआयच्या फायलींपासून सुरुवात करू नका. त्या आता बऱ्याच मिळतात, आणि त्यांचा मोह जबरदस्त असतो. पण फायलीत बहुतेक खबऱ्याचं म्हणणं असतं, खबऱ्याचं नाव काळ्या शाईने झाकलेलं असतं, आणि खबर देण्यात त्याचा काय फायदा होता ते तुम्हाला दिसत नाही. आधी मॅकॅरन समितीच्या १९५१-५२च्या छापील सुनावण्या घ्या, इन्स्टिट्यूट ऑफ पॅसिफिक रिलेशन्सवरच्या. त्यात निदान प्रश्न कोण विचारतंय आणि उत्तर कोण देतंय, हे उघड असतं. त्यांच्या शेजारी थॉर्नर यांचे त्याच दशकातले लेख ठेवा. मग फायलीकडे जा.

जाता जाता एक. जॉर्ज केनन यांची फेब्रुवारी १९४६ची मॉस्कोहून पाठवलेली 'लांब तार' आठ हजार शब्दांची होती, असं तुम्हाला सगळीकडे दिसेल. तो आकडा खुद्द केनन यांनीच आपल्या आठवणींत दिला होता. प्रत्यक्षात ती पाच हजारांच्या थोडी वर आहे. तार इंटरनेटवर आहे, शब्द मोजून बघा.