१०८९ सीसी : मिले मिल्यापासून परभणीपर्यंत

आमच्या ऑफिसात गाड्यांचा विषय निघाला की कोणीतरी हमखास विचारतं, "समजा पैशाचा प्रश्नच नाही, तर रोज कुठली जुनी स्पोर्ट्स कार चालवशील?" मग पोर्शे, एमजी, अल्फा रोमिओ अशी यादी सुरू होते. बहुतेक सगळं ज्ञान यूट्यूबवरचं. माझं उत्तर ऐकून मात्र लोक हसतात. मी म्हणतो, इंजिनापुरतं बोलायचं तर आमचे बाबा परभणीत कित्येक वर्षं तेच करतायत. त्यांच्याकडे १९८६ ची प्रीमियर पद्मिनी आहे.

हसू नका मंडळी. पद्मिनी ही स्पोर्ट्स कार नाही, एवढं मलाही कळतं. चाळीसेक हॉर्सपॉवर, चार दारं, मागे डिकीत गव्हाचं पोतं... हिला स्पोर्ट्स कार कोण म्हणेल? पण तिच्या बोनेटखाली जे इंजिन आहे ना, त्याचं खानदान एकदा बघाच. आजचा वीकेंड त्याच्यासाठी.

आधी थोडं गणित. सिलिंडरचा बोअर ६८ मिमी, स्ट्रोक ७५ मिमी, सिलिंडर चार. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचा फॉर्म्युला लावा, उत्तर येतं १०८९ सीसी. हे आकडे लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट याच आकड्यांची आहे.

१९३७ साली इटलीतल्या तुरीन शहरात फियाटने ५०८ सी नावाची गाडी काढली. मध्यमवर्गीयांची साधी गाडी. तिच्यामागचा मुख्य माणूस दान्ते जाकोसा, वय अवघं बत्तीस. (म्हणजे आपल्यासारख्याच वयाचा. आपण या वयात जिराची तिकिटं बंद करतो. असो.) या गाडीत ६८ बाय ७५ चं, १०८९ सीसीचं इंजिन होतं आणि त्याचे व्हॉल्व्ह वर, हेडमध्ये होते. त्या काळातल्या बऱ्याच स्वस्त गाड्यांचे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला असायचे. व्हॉल्व्ह वर असले की इंजिनाला श्वास नीट घेता येतो, आणि हौशी माणसाला त्याच्यातून जास्त ताकद काढायला वाव मिळतो. तिथेच सगळी मेख आहे.

असाच एक हौशी माणूस म्हणजे एन्झो फेरारी. १९३९ मध्ये तो अल्फा रोमिओतून बाहेर पडला. चार वर्षं स्वतःच्या नावाने रेसिंग करायचं नाही, अशी अट करारात होती. मग पठ्ठ्याने दुसऱ्याच नावाची कंपनी काढली आणि १९४० च्या मिले मिल्या शर्यतीसाठी दोन गाड्या बांधल्या. नाव होतं ८१५, म्हणजे आठ सिलिंडर आणि दीड लिटर. नवा ब्लॉक ओतून घेतला, पण त्यावर फियाट ५०८ सी ची दोन सिलिंडर हेडं एकापुढे एक बसवली आणि बाकीचेही पुष्कळ सुटे भाग त्याच गाडीचे वापरले. त्यातली एक गाडी अल्बेर्तो आस्कारीने चालवली. हाच आस्कारी पुढे १९५२ आणि १९५३ मध्ये विश्वविजेता झाला. दोन्ही गाड्या शर्यत पूर्ण करू शकल्या नाहीत, पण फेरारीने स्वतंत्रपणे बांधलेल्या पहिल्या गाड्या त्याच. म्हणजे पहिल्या फेरारीत (नाव नसलेल्या का होईना) पद्मिनीच्या आजोबांचे अवयव होते!

दुसरा हौशी माणूस पिएरो दुसिओ. तुरीनचा उद्योगपती, युव्हेंटस क्लबचा अध्यक्ष. युद्ध संपल्यावर त्याने चिसिताल्या नावाने रेसिंग गाड्या बांधायला घेतल्या आणि पहिल्या गाडीच्या डिझाईनसाठी माणूस निवडला दान्ते जाकोसा. इंजिन अर्थातच १०८९ सीसी. १९४७ च्या मिले मिल्यात चोपन्न वर्षांचा, आजारी तात्सिओ नुव्होलारी उघड्या चिसिताल्यात बसला. समोर त्याच्याहून कितीतरी मोठ्या इंजिनांच्या गाड्या, आणि हा इवल्याशा अकराशेवर सगळ्यांच्या पुढे. शेवटच्या टप्प्यात धो धो पाऊस आला, इग्निशनमध्ये पाणी गेलं आणि तो दुसरा आला. जिंकली ती अल्फा रोमिओ, जवळपास तीन लिटरची.

त्याच मालिकेतली बंद टपाची चिसिताल्या २०२ ही मोटारींच्या इतिहासातल्या सगळ्यात सुंदर गाड्यांपैकी एक मानतात. बॉडी पिनिनफरिनाची. तेच १०८९ सीसी, फक्त कॉम्प्रेशन वाढवून आणि बाकी कारागिरी करून ५५-६० हॉर्सपॉवरपर्यंत नेलेलं. हलकी आणि बुटकी बॉडी असल्यामुळे वेग साधारण १६० किमी. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने १९५१ मध्ये मोटारींचं प्रदर्शन भरवलं त्यात ती होती, आणि १९७२ मध्ये त्यांनी एक चिसिताल्या कायमची संग्रहात घेतली. चित्रांच्या आणि शिल्पांच्या शेजारी मोटार. तिला आता कोणी सेल्फ मारत नाही.

आता तुरीनहून थेट कुर्ल्याला येऊ.

सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स सुरू केली. सुरुवातीला क्रायस्लरच्या गाड्या जुळवल्या, मग फियाटशी करार झाला. १९५३ मध्ये तुरीनमध्ये नवी फियाट ११०० आली. कर्ता-करविता पुन्हा जाकोसाच, आणि इंजिनाचं मापही तेच, ६८ बाय ७५. पुढच्याच वर्षी, १९५४ मध्ये, ती कुर्ल्यात बनायला लागली. गोल पाठीमुळे लोकांनी तिला 'डुक्कर फियाट' म्हणायला सुरुवात केली. मराठी माणूस प्रेमाने काय नाव ठेवेल, सांगता येत नाही :) पुढे १९६४ मध्ये चौकोनी बॉडीची डिलाइट आली. पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी पंजाब नॅशनल बँकेकडून पाच हजारांचं कर्ज काढून घेतली ती फियाट याच काळातली. गाडीची किंमत होती बारा हजार.

१९६९ मध्ये तुरीनने ११०० बंद केली. आपल्याकडे मात्र ती चालूच राहिली, आणि १९७४ पासून तिचं नाव झालं पद्मिनी. सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर मूळ प्रोजेक्ट बंद पडलं आणि आपण आपला फोर्क तीस वर्षं चालवला. युरोपातल्या ११०० डी ला १९६२ मध्येच १२२१ सीसीचं मोठं इंजिन मिळालं होतं. आपण मात्र १०८९ लाच चिकटून राहिलो. याला हवं तर लायसन्स राज म्हणा. स्पर्धा नाही, आयात नाही, गिऱ्हाईक रांगेत उभं, मग बदल कोण करणार? पण त्यामुळे एक गंमत झाली. नुव्होलारीच्या चिसिताल्यातलं इंजिनाचं माप २००० सालाच्या तोंडाशीही कुर्ल्यातून कोरं करकरीत बाहेर पडत होतं, आणि तिथून मुंबईच्या टॅक्सी स्टँडवर, मद्रासजवळच्या शोलावरमच्या रेसमध्ये आणि परभणीसारख्या जिल्ह्याच्या गावी जात होतं.

तर आता मूळ प्रश्न. रोज चालवायला कशी वाटते?

गेल्या वर्षी उन्हाळ्यात घरून काम करायची परवानगी मिळाली म्हणून दीड महिना परभणीत होतो. भाजी आणण्यापासून गंगाखेडला गोदावरीवर जाण्यापर्यंत सगळं पद्मिनीने केलं. पहिली गोष्ट म्हणजे ही गाडी तुम्हाला मोबाईल विसरायला लावते. सकाळी थंड इंजिनाला चोक किती द्यायचा आणि कधी काढायचा, हे तुम्ही ठरवायचं. आपल्या आजच्या गाडीत हे काम ईसीयू करतो, इथे तुमचे कान करतात. आमच्या गाडीत पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नाही, म्हणजे गाडी पुरती थांबल्याशिवाय पहिला टाकायचा नाही. गिअरचा दांडा स्टिअरिंगजवळ, त्यामुळे पुढची सीट सलग आणि मधल्या जागेत भाचा आरामात मावतो. पॉवर स्टिअरिंग नाही. उभ्या गाडीचं चाक वळवताना दंड भरून येतात, पण गाडी चालती झाली की रस्त्याचा प्रत्येक खड्डा तळहाताला कळतो.

ब्रेक चारही चाकांना ड्रमचे. समोर कापसाने फुगलेली ट्रॉली दिसली की ब्रेकचा विचार आधीच करायचा. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गेलात, की पुढे थोडा वेळ हलका ब्रेक दाबत जायचं, ड्रम वाळेपर्यंत. आमच्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे वरचा डांबरी रस्ता लाटांसारखा होतो. तिथे पद्मिनीची उंची आणि मागचे पाटे कामी येतात. चिसिताल्या असती तर जिंतूर रोडवर पोट घासून बसली असती.

आणि उन्हाळा! पारा ४२-४३ वर गेला की कार्ब्युरेटरवाल्या कुठल्याही जुन्या गाडीला व्हेपर लॉक होऊ शकतो. इंजिन तापतं, फ्युएल पंपात आणि पाइपात पेट्रोलची वाफ होते, पंप वाफ ओढत बसतो आणि गाडी गप्प. उपाय म्हणजे ओलं फडकं. पंपावर टाकायचं आणि लिंबाच्या सावलीत दहा मिनिटं थांबायचं. बाबांच्या गाडीत पाण्याची बाटली आणि फडकं कायम असतं. बाटली प्यायची नाही, पंपाची.

मजा कसली म्हणाल, तर या गाडीत ताशी साठ किलोमीटरला जे वाटतं ते माझ्या पुण्यातल्या हॅचबॅकला शंभरलाही वाटत नाही. चाळीसपैकी सगळे घोडे रोज कामाला लागतात. ओव्हरटेक करायचा तर आधी तिसरा टाकायचा, इंजिनाचा सूर चढू द्यायचा, मग निघायचं. गाडी, रस्ता आणि माणूस यांच्या मध्ये काहीच नाही. मला वाटतं, जुन्या स्पोर्ट्स कारची जी नशा म्हणतात, ती हीच असावी. वेगाचा तिच्याशी संबंध कमीच.

पण रोज चालण्याचं खरं श्रेय चालवणाऱ्याला नाहीच. ते आमच्या मिस्त्री चाचांचं आहे. पॉइंटची गॅप फिलर गेजने बघणं, प्लग घासणं, कार्ब्युरेटरचं जेट फुंकून साफ करणं, आणि वेळ आली तर हेड उघडून ब्लॉक बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन बसवणं, हे सगळं दोन पेट्यांतल्या हत्यारांत होतं. जाकोसाचं नाव त्यांनी ऐकलेलं नाही, पण त्याचं इंजिन त्यांच्याइतकं ओळखणारा माणूस मला पुण्यात भेटलेला नाही. मी एकदा विचारलं, "चाचा, हे शिकलात कुठं?" म्हणाले, "शिकायचं काय त्यात बेटा? उघडलं की दिसतं." मी हे वाक्य आमच्या आर्किटेक्टला ऐकवलं. तो बराच वेळ काही बोलला नाही.

उघडलं की दिसतं. फेरारीला त्यातून ८१५ करता आली ती याचमुळे, आणि चाचांना पद्मिनी चालू ठेवता आली तीही याचमुळे. एकाच गुणाचे हे दोन उपयोग, आणि दुसऱ्याचा इतिहास कोणी लिहिलेला नाही.

हे सगळं आत्ताच लिहिण्याचं कारण आहे. २०२६ मध्ये गाडीला चाळीस वर्षं होतात आणि पाच वर्षांचं रजिस्ट्रेशन पुन्हा करायचं आहे. ऑगस्ट २०२५ च्या नियमाने वीस वर्षांवरच्या मोटारीसाठी ही फी दहा हजार रुपये झाली आहे. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं. जुन्या रबराला, म्हणजे पाइपांना आणि पंपाच्या पडद्याला ते मानवत नाही, म्हणून तेही बदलावं लागणार. चाचांचं वय झालंय. त्यांचा मुलगा नव्या गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावतो. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीसुद्धा ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. आणि पुण्याच्या एका संग्राहकाने बाबांना चांगला भाव देऊ केलाय. गाडी नव्यासारखी करून बंद शेडमध्ये ठेवणार म्हणतो.

मी आधी म्हटलं, देऊन टाका. गाडी तरी वाचेल. मग नियम वाचत बसलो. २०२१ च्या नियमानुसार पन्नास वर्षांवरची गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. पण तशी नोंद केली की ती रोजच्या कामाला रस्त्यावर आणता येत नाही. फक्त प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढंच. आमच्या गाडीला तो मान २०३६ मध्ये मिळू शकतो. म्हणजे चिसिताल्यासारखं शिल्प व्हायला अजून दहा वर्षं आहेत.

बाबांना हे सगळं सांगितलं. चिसिताल्या, नुव्होलारी, म्युझियम, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या म्युझियमवाल्या गाडीत बसून कोणी बाजाराला जातं का?" मी म्हटलं, नाही. "मग आपली बरी," म्हणाले.

पंपाचा पडदा आणि पाइप मी पुण्याहून मागवलेत. पुढच्या महिन्यात चार दिवस सुट्टी टाकून जाणार आहे. हेड उघडायचं आहे आणि या वेळी चाचा म्हणालेत की पाना मी धरायचा, ते फक्त बाजूला बसून सांगणार.